मकावच्या ओरडण्यात आपला वाटा

मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून मकाव या मोठ्या पोपटाच्या आवाजाचा अंदाज बांधू नये. मोठा आवाज आला की फोनचा माईक पातळी आपोआप खाली ओढतो, आणि उरलेलं काम ऐकणाऱ्याचा अंगठा करतो. त्यामुळे खांद्यावर बसून 'हॅलो' म्हणणारा निळा-पिवळा पक्षी गोड वाटतो आणि पाचव्या मजल्यावरच्या टू बीएचकेत तो सहज सामावेल असं वाटू लागतं. प्रत्यक्षात ब्लू अँड गोल्ड मकाव पूर्ण ताकदीने ओरडला की जवळून १०० ते १०५ डेसिबल भरतात. स्कार्लेट, ग्रीनविंग, हायसिंथ हे बाकीचे मोठे मकावही त्याच तोडीचे.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर १०५ धरले तर दोन मीटरवर ९९, चारवर ९३, आठवर ८७, सोळावर ८१ आणि बत्तीस मीटरवर ७५. म्हणजे गॅलरीतल्या दांडीवरून मारलेली हाळी शंभर फुटांवरच्या समोरच्या इमारतीतही टीव्ही ऐकू देणार नाही. घरात तर आवाज एवढासुद्धा उतरत नाही. व्हिट्रिफाइड टाइल्स, पुट्टी मारलेल्या गुळगुळीत भिंती, काचेच्या स्लायडिंग खिडक्या यांच्यावर तो आपटून परत येत राहतो. हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्याने फारसा फरक पडत नाही.

कानांचा हिशेब तर आणखी कडक आहे. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या 'नायॉश' या अमेरिकी संस्थेची शिफारस अशी: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला १५ मिनिटं, १०३ला साडेसात. हे आकडे कारखान्यातल्या सलग आवाजासाठी आहेत आणि मकाव सलग ओरडत नाही, हे खरं. पण खांद्यावरच्या मकावची चोच आणि आपला कान यांत वीतभरही अंतर नसतं. सकाळ-संध्याकाळच्या ओरडण्याच्या वेळी पक्षी खांद्यावर घेऊ नये, हातावर किंवा स्टँडवर ठेवावा. लहान मुलांच्या खांद्यावर तर कधीच नाही. कारखान्यात वापरतात तसे इअरमफ पिंजऱ्याशेजारी खुंटीला अडकवलेले असावेत. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

एवढा आवाज त्याला लागतो कशाला? दक्षिण अमेरिकेच्या जंगलात मकाव जोडीजोडीने आणि छोट्या थव्यांनी उडतात. सकाळी रात्रथाऱ्यावरून निघताना, संध्याकाळी परतताना आणि मधे झाडांच्या शेंड्यांवर विखुरलेले असताना एकमेकांचा पत्ता लागतो तो आवाजावरून. पेरू देशातल्या तांबोपाटा नदीच्या काठावर मकाव माती खायला जमतात, तिथे पक्षी दिसण्याआधी त्यांचा गलका ऐकू येतो. दाट पानांतून पलीकडच्या जोडीदारापर्यंत पोचायचं तर आवाज जाडाभरडा, खरखरीत आणि पल्लेदार हवा. तोच पक्षी आपण दहा बाय बाराच्या खोलीत आणतो. हँडफीडिंगवर वाढलेलं पिल्लू असलं तरी त्याच्या पिढ्या माणसाळलेल्या नाहीत. कुत्र्याच्या मागे हजारो वर्षांची निवड आहे, मकावच्या मागे जेमतेम काही दशकांची.

म्हणून या आवाजाचे दोन भाग वेगळे करावेत असं माझं ठाम मत आहे. एक पक्ष्याचा, जो कमी होत नाही, फक्त त्याची वेळ आणि जागा थोडी सरकवता येते. दुसरा आपण शिकवलेला, आणि तो बराचसा उतरवता येतो. मकाव परत देणाऱ्या किंवा विकायला काढणाऱ्या घरांत बहुतेक वेळा या दोन्हींची गल्लत झालेली असते. जे बदलणार नाही त्याच्यावर लोक चिडतात आणि जे बदललं असतं त्याला रोज खतपाणी घालतात.

पक्ष्याच्या वाट्याचं आधी. उजाडताना आणि दिवेलागणीला साधारण दहा ते वीस मिनिटं मकाव ओरडणारच. पंख पसरून, दांडीवर झुलत, कधी उलटं लटकून. त्यात तक्रार नसते, आजारही नसतो. उजाडण्याची वेळ मात्र थोडी हातात आहे. मुंबईत जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सव्वासातच्या आसपास. पक्षी निजतो त्या खोलीला ब्लॅकआउट पडदा लावला आणि तो रोज सात-साडेसातलाच उघडला, तर उन्हाळ्यातली पहाटेची आरोळी शेजारी जागे झाल्यानंतर होते. संध्याकाळच्या वेळी उलट करावं: त्याच वेळेला त्याला मोकळं सोडा, पंख फडफडवू द्या, सोबत गाणं लावा, तुम्हीही मोठ्याने बोला. खिडक्या लावून वीस मिनिटांचा धुडगूस मान्य करून टाकला की पुढची रात्र बरी जाते.

याशिवाय घरातला प्रत्येक मोठा आवाज त्याला आमंत्रण वाटतो. मिक्सर, कुकरची शिट्टी, व्हॅक्यूम क्लीनर, शॉवर, पत्र्यावर कोसळणारा पहिला पाऊस. आजूबाजूचा गोंगाट वाढला की पक्षी आपला आवाज त्याच्या वर चढवतो. चटणी वाटायची असेल तर स्वयंपाकघराचं दार लावून वाटावी, आणि टीव्हीचा आवाज चढवून मकावला दाबायच्या भानगडीत पडू नये. ती शर्यत तोच जिंकतो. भीतीची ओरड वेगळी असते. ती अचानक सुरू होते, पिसं अंगाला चिकटलेली असतात, मान ताठ, डोळा खिडकीकडे. शहरात याचं कारण बहुधा खिडकीसमोरून गेलेली घार किंवा ग्रिलवर बसलेलं मांजर असतं. अशा वेळी दुर्लक्ष करू नका. जवळ जा, हलक्या आवाजात बोला, पडदा ओढा. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकलेली असली तर त्याला पाठीमागून कोणी येण्याची धास्ती राहत नाही आणि अशी ओरड कमी होते.

आता आपला वाटा. माणूस खोलीबाहेर गेला की मकाव साद घालतो. थव्यातला पक्षी दिसेनासा झाला की तो हेच करतो. पहिली साद मध्यम असते. घरात कोणी तिला उत्तर देत नाही, कारण ती त्रासदायक नसते. मग दुसरी, जरा चढी. तिसऱ्या-चौथ्या आरोळीला कुणीतरी धावत येतं आणि "काय झालं रे, गप्प बस!" असं ओरडतं. पक्ष्याच्या दृष्टीने काम झालं: थवा परत आला आणि त्यानेही जोरात साद दिली. हाळी केवढी मारली की माणूस येतो, ती पातळी अशी घरानेच ठरवून दिलेली असते. त्यातून कधी येणं, कधी न येणं असं झालं तर सवय आणखी पक्की होते. मटक्याचा आकडा अधूनमधून लागतो म्हणूनच माणूस मटका सोडत नाही.

यावर उपाय करायचा तर आधी आठवडाभर वही ठेवा. किती वाजता ओरडला, त्याआधी काय घडलं, किती वेळ चाललं, कोणी काय केलं. चार रकाने पुरतात. बहुतेक घरांत तीन-चार ठरावीक प्रसंग निघतात: कोणी चप्पल घातली की, फोनवर बोलायला लागलं की, जेवणाची ताटं मांडली की. मग एक पर्यायी आवाज निवडा. नवा शब्द शिकवत बसू नका. तो आधीच काढतो त्यातलाच सुसह्य आवाज घ्या, एखादी शीळ किंवा 'हॅलो'. तो आवाज आला की सेकंद-दोन सेकंदांत उत्तर द्या, दर वेळी, घरात कुठेही असलात तरी. हातातलं काम सोडून जायची गरज नाही, तशीच शीळ परत मारली तरी चालतं. अधूनमधून जाऊन बदामाचा तुकडा द्या. तुकडा छोटा हवा, करंगळीच्या नखाएवढा, नाहीतर दहाव्या बक्षिसाला त्याचं पोट भरतं.

बरोबरीने बाहेर जाण्याचा सराव. तो शांत असताना खोलीबाहेर पाच सेकंद जा, तो ओरडायच्या आत परत या. मग दहा, वीस, चाळीस. मधूनच पुन्हा पाचवर या, म्हणजे दर वेळी थांबणं लांबतच जातं असा त्याचा समज होत नाही. तो ओरडला म्हणजे तुम्ही घाई केलीत. आधीच्या टप्प्यावर परत जा. दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं हे केलं तरी पुरतं.

ओरड सुरू असताना त्याच्याकडे बघणं, बोलणं, पिंजऱ्यावर थाप मारणं, पाणी फवारणं सगळं बंद. थाप आणि ओरडा त्याला प्रतिसादच वाटतो. फवारणीने तो पाण्याला घाबरू लागतो, आणि मकावला आंघोळ आठवड्यातून दोन-तीनदा तरी लागते. इथे एक बारकी गोम आहे आणि बऱ्याच जणांचा प्रयत्न तिच्यापाशी फसतो. ओरड थांबल्यावर दोन सेकंदांनी तुम्ही लगेच गेलात तर तो साखळी शिकतो: ओरडायचं, थांबायचं, मग माणूस येतो. म्हणून ओरडीनंतरची शांतता हळूहळू लांबवत न्या, पाच सेकंद, पंधरा, तीस. आणि ज्या शांततेआधी ओरड झालीच नव्हती तिला जास्त वेळा बक्षीस द्या. शांत बसलेल्या पक्ष्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. ही मुद्दाम लावून घ्यायची सवय आहे.

दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस ओरड वाढते. जुनी किल्ली लागत नाही म्हटल्यावर तो ती जोराने फिरवून बघतो. या टप्प्यात कुणी हार मानली तर त्याला त्याहून मोठी आरोळी शिकवली गेली. त्यामुळे सुरुवात करण्याआधी घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींना आणि दुपारी नातवाला सांभाळणाऱ्या आजोबांनासुद्धा नियम समजावून सांगा, आणि शेजाऱ्यांना "येते दोन-तीन आठवडे जरा जास्त होईल" अशी कल्पना द्या. एका माणसाने गुपचूप शेंगदाणा दिला की सगळ्यांची मेहनत पाण्यात. फरक दिसायला काही आठवडे लागतात, जुनी सवय असेल तर काही महिने. हे सगळं पहाटेच्या आणि दिवेलागणीच्या सादेला मात्र लावू नका. ती दुर्लक्षाने जात नाही, पक्षी फक्त अस्वस्थ होतो.

रिकामं डोकं हे ओरडीचं दुसरं मोठं कारण. जंगलात मकावचा दिवसाचा मोठा भाग खाणं शोधण्यात आणि कवचं फोडण्यात जातो. घरात वाडगा भरून ठेवला की तो पंधरा मिनिटांत मोकळा होतो. खाण्यातला निम्मा भाग लपवून द्या: वर्तमानपत्रात गुंडाळून, कागदी कपांत, सालासकट मक्याच्या कणसात, नारळाच्या करवंटीत, दोन्हीकडून कागद कोंबलेल्या बांबूच्या नळीत. कवचासकट अक्रोड हे छोटंसं कामच आहे. पावसाळ्यात सादळलेले शेंगदाणे नकोत, त्यातली बुरशी पक्ष्याच्या यकृतावर आणि फुप्फुसावर उठते. कुरतडायला पेरूच्या, शेवग्याच्या, कडुनिंबाच्या औषध न फवारलेल्या फांद्या आणि दोन इंची पाइनचे ठोकळे. ठोकळे पॅकिंगच्या पॅलेटमधून काढत असाल तर शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता दिलेलं लाकूड, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी, ते घेऊ नका. कण्हेर कुठल्याही रूपात नको. मकाव एक ठोकळा तासाभरात भुसा करून टाकतो आणि तुमच्याकडे बघतो. हा खर्च दरमहाचा आहे, एकदाचा नाही.

पिंजरा तीन फूट खोल, चार फूट रुंद, पाच फूट उंच, हे किमान. ब्लू अँड गोल्डचे पंख मीटरभर पसरतात, त्याहून कमी जागेत त्याची सगळी ताकद घशात उतरते. दोन गजांत एक ते दीड इंच अंतर असावं. झोप दहा ते बारा तास, अंधारात. एका हॉलच्या घरात अकरापर्यंत टीव्ही चालतो आणि पक्षी तिथेच पिंजऱ्यात असतो. दुसऱ्या दिवशीच्या चिडचिडीचं मूळ तिथे असतं. बेडरूममध्ये किंवा स्टडीत निजण्यापुरता एक लहान पिंजरा ठेवणं हा सोपा मार्ग. पिंजऱ्यावर कापड टाकणं झोपेसाठी ठीक, शिक्षा म्हणून नाही. भर दुपारी झाकलेला मकाव कापड ओढून, फाडून, त्याच्या आत ओरडतो.

स्पर्शाचाही आवाजाशी संबंध आहे. पाठीवर आणि पंखांखाली हात फिरवला की प्रौढ पक्षी तो जोडीदाराचा स्पर्श समजतो. मग त्याला घरटं हवं असतं, एकच माणूस हवा असतो, आणि तो माणूस खोलीबाहेर गेला की आकांत. फक्त डोकं आणि मान खाजवा. खोकी, कपाटाखालची अंधारी जागा, सोफ्यामागची फट बंद करा.

खोली बंदिस्त करण्याबद्दल भलत्याच समजुती आहेत. भिंतीला चिकटवलेले अंड्यांचे ट्रे शेजाऱ्यांपर्यंत जाणारा आवाज अडवत नाहीत. जाड पडदे, गालिचा, पुस्तकांचं कपाट यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, तुमच्या कानांना बरं वाटतं, पण पलीकडे फरक नगण्य. आवाज अडतो तो वजनाने आणि फटी बुजवल्याने. प्लास्टर केलेली चार इंची विटांची भिंत साधारण ४० डेसिबल खाते, नऊ इंची ५०च्या आसपास. म्हणजे १०० डेसिबलची आरोळी चार इंची भिंतीपलीकडच्या बेडरूममध्ये ६०ची होते, मध्यम आवाजातल्या गप्पांएवढी. पिंजरा सामाईक भिंतीपासून दूर ठेवणं हा फुकटातला पहिला उपाय. दुसरा फटींचा. दाराखालची एक सेंटिमीटरची फट दाराच्या क्षेत्रफळाच्या अर्धा टक्काच असते, पण तेवढ्यावरून ते दार कितीही जाड असलं तरी २३ डेसिबलपुढे आवाज अडवू शकत नाही. चौकटीला रबरी पट्टी आणि दाराखाली आपोआप खाली उतरणारं सील लावा. अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या सगळ्यांत गळक्या. त्यांच्या ब्रशच्या पट्ट्यांमधून आवाज आरपार जातो. उघडझाप होणारी, रबर गॅस्केटची, लॅमिनेटेड काचेची खिडकी महाग पडते, पण पैसे टाकायचेच तर तिथे टाका. हवा मात्र कोंडू नका. पक्ष्याचं फुप्फुस नाजूक असतं, आणि बंद घरात तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूर त्याचा जीव घेतो. हवेसाठी भोक लागणारच, ते वळण घेतलेल्या, आतून मऊ अस्तर लावलेल्या डक्टमधून काढावं. अस्तर, फोम, रॉकवूल यांतलं काहीही त्याच्या चोचीला लागेल अशा जागी नको.

ऑपरेशन करून आवाज बंद करता येतो का, असं विचारणारेही असतात. पक्ष्याचा आवाज घशाच्या वरच्या टोकाला तयार होत नाही. श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते तिथे, छातीच्या आत, स्वरयंत्र असतं. तिथे सुरी लावणं म्हणजे श्वासाच्या वाटेशी खेळणं. पक्ष्यांचा जबाबदार डॉक्टर हे करणार नाही. जोडीला दुसरा मकाव आणला की पहिला शांत होतो, हाही भाबडेपणा. कधी होतो, बहुधा दोघे एकमेकांना उत्तर देतात.

आणि रोज ओरडणारा मकाव एक दिवस गप्प झाला तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. पक्षी आजार लपवतात. आवाज बसणं, बदलणं, बोलताना घरघर येणं ही श्वासनलिकेतल्या अॅस्परजिलस बुरशीची खूण असू शकते. ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा घ्या आणि रोज सकाळी खाण्याआधी वजन लिहून ठेवा. ब्लू अँड गोल्ड साधारण ९०० ते १२०० ग्रॅमचा असतो. स्वतःच्या नेहमीच्या वजनापेक्षा दहा टक्के उतरला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सोसायटीचा विषय निघतोच. २०००च्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. ती ठरावीक वेळाची सरासरी असते, एकेका आरोळीला लावायची नसते. पण कमिटीच्या बैठकीत सरासरी कोणी ऐकून घेत नाही. वरच्या मजल्यावर रात्रपाळी करून झोपणारा माणूस असेल, शेजारी तान्हं बाळ असेल, तर आधी विचारून घ्यावं, नंतर माफी मागत बसू नये. कागदपत्रंही हवीत. २०२२च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात विदेशी प्रजातींची अनुसूची आली आणि २०२४च्या नियमांनुसार मकावची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. पक्षी दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवायचं. ज्याची नोंद नाही त्याच्याविरुद्ध आवाजाची तक्रार झाली की दुसरीच चौकशी मागे लागते.

लहान घरासाठी हान्स मकावसारखी छोटी जात सुचवली जाते. फूटभर लांबीचा हा पक्षी मोठ्या भावाइतका दणदणीत नाही, पण त्याची चिरकी ओरड जास्त वेळा होते, आणि भिंतीला भिंत लागलेल्या घरात तेवढी त्रासाला पुरेशी आहे. तीन महिन्यांच्या पिल्लावरून अंदाज बांधू नका. ते फक्त भुकेला कुरकुरतं. मोठ्या मकावचा खरा गळा वयात आल्यावर, तीन ते पाच वर्षांच्या सुमारास ऐकू येतो, आणि तो पुढे पन्नास वर्षं टिकू शकतो. पैसे देण्याआधी प्रौढ मकाव असलेल्या घरी किंवा ब्रीडरकडे संध्याकाळी साडेपाचला जाऊन अंधार पडेपर्यंत बसा, घरातल्या सगळ्यांना घेऊन. मधेच उठून शेजारच्या खोलीत जा, दार लावा आणि तिथून कुणाशी तरी फोनवर बोलता येतंय का बघा.